पिछाडीस चालणारा

गणेशपुरीत राहणारास इतिहास शोधावयास दूर जावे लागत नाही. जवळच वज्रेश्वरीचे मंदिर आहे. वसईच्या मोहिमेत असता चिमाजी अप्पांनी देवीस नवस केला आणि १७३९ मध्ये वसई हाती आल्यावर हे मंदिर उभे राहिले, ही हकीकत आमच्या तानसा खोऱ्यातील मुलांस तोंडपाठ असते. परंतु तोंडपाठ असणे निराळे आणि अंगी मुरणे निराळे. मुले पायऱ्या चढतात, दर्शन घेतात, उष्णोदकाच्या कुंडांत स्नान करून घरी परततात. मोहीम म्हणजे काय, हे त्यांच्या पायांस कळत नाही. म्हणून गावातील तरुण मंडळींनी पन्हाळा ते पावनखिंड ह्या पदयात्रेस जाण्याचा विचार काढला, तेव्हा वयाची साठी उलटली असताही आम्ही त्यांजबरोबर निघालो.

मूळ प्रसंग वाचकांस ठाऊक आहेच. १६६० च्या मार्चपासून सिद्दी जौहरचा वेढा पन्हाळ्यास पडला होता. जुलैच्या १२ तारखेच्या रात्री, भर पावसात, शिवाजी महाराज सुमारे सहाशे लोकांनिशी गडावरून निघाले. महाराजांचा वेष घेऊन शिवा काशीद दुसऱ्या पालखीत बसला व शत्रूच्या हाती सापडून प्राणास मुकला, असे परंपरा सांगते. पाठलाग जवळ येताच बाजीप्रभू देशपांडे निम्मे लोक घेऊन घोडखिंडीत उभे राहिले आणि महाराज विशाळगडाकडे गेले. तेथेही सुर्वे व दळवी ह्यांचे मोर्चे फोडूनच गडावर पोहोचावे लागले. खिंडीत बाजी पडले आणि घोडखिंडीची पावनखिंड झाली.

ह्या मार्गाने आता दरवर्षी पावसाळ्यात तरुणांचे जथे चालतात. राजदिंडीने उतरावे, म्हाळुंग्यावरून मसाईचे विस्तीर्ण पठार ओलांडावे, वाड्यावस्त्यांतून चिखल तुडवीत पुढे जावे, आंबेवाडीसारख्या ठिकाणी रात्र काढावी आणि दुसऱ्या दिवशी पांढरपाण्यावरून खिंड गाठावी, असा साधारण क्रम असतो. जी वाट त्या लोकांनी अंधारात, पाठीवर शत्रू असता, एका दमात कापली, ती आम्ही दोन दिवसांत, पोटभर जेवून कापतो. एवढे अंतर मुलांच्या ध्यानी आले तरी अर्धे काम झाले.

उरलेले अर्धे काम कठीण आहे. प्रत्येक तरुणास मनातून बाजी व्हावयाचे असते, आणि बाजी व्हावयाचे म्हणजे सर्वांच्या आधी खिंडीत पोहोचावयाचे, असा त्याचा समज असतो. वस्तुतः बाजींचा पराक्रम आधी पोहोचण्याचा नव्हे. दुसरा सुखरूप पोहोचावा म्हणून मागे राहण्याचा तो पराक्रम आहे. ह्यास्तव आम्ही नियम केला की, जथ्यातील सर्वांत दणकट गड्याने सर्वांच्या मागे चालावे आणि त्याच्या मागे कोणी राहू नये. आमच्यातील एका कबड्डीपटूस हा मान शिक्षेसारखा वाटला. मसाईच्या पठारावर धुक्यात पुढले दिसेनासे झाले, तेव्हा तो फुरंगटून बसला होता. परंतु एका किरकोळ अंगाच्या मुलाचे पाय फोडांनी सोलले आणि त्याचे ओझे ह्यास घ्यावे लागले. दुसऱ्या दिवशी त्यास पुढे चालण्याची मुभा दिली असता त्याने ती घेतली नाही.

असाच उपक्रम अमेरिकेतही चालतो. मॉर्मन पंथाचे सुमारे तीन हजार लोक १८५६ ते १८६० ह्या काळात सॉल्ट लेकच्या खोऱ्याकडे पायी गेले. बैलगाड्या परवडेनात म्हणून त्यांनी आपले सामान हातगाड्यांवर घालून स्वतः ओढीत नेले. आयोवा सिटीहून निघालेल्या पहिल्या तुकड्यांची वाट सुमारे दोन हजार किलोमीटरांची होती. आज त्या पंथाची मंडळी आपल्या किशोरवयीन मुलामुलींस जुन्या धाटणीचे कपडे घालून काही दिवस तशाच हातगाड्या ओढावयास नेतात. मुलांची लहान लहान कुटुंबे करून प्रत्येकावर एक वडीलधारे जोडपे आईबापांच्या जागी नेमतात.

१८५६ मध्ये विली व मार्टिन ह्यांच्या तुकड्या फार उशिरा निघाल्या व वायोमिंगच्या बर्फात सापडल्या. दोनशेंहून अधिक माणसे दगावली. विलीच्या तुकडीतील लेव्ही सॅव्हेज ह्याने, लहान मुले व वृद्ध ह्यांना घेऊन पुढे जाऊ नये, हिवाळा येथेच काढावा, असा सल्ला आधीच दिला होता. तो मानला गेला नाही. तरीही तो त्यांस सोडून गेला नाही, बरोबरच चालला. ह्या हकीकतीतील पुढाऱ्यांची चूक वगळून केवळ मृतांचे गोडवे गाइले, तर मुलांच्या पदरी अर्धेच सत्य पडेल. आमच्याकडेही कागदोपत्री काय आहे, परंपरेने काय सांगितले जाते, हे मुलांस वेगवेगळे करून सांगावे. तेवढ्याने बाजींची उंची तसूभरही उणी होत नाही.

आपल्या घरांतील मुलांस आणखी एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. खिंडीत पडलेले बहुतेक वीर बांदलांचे मावळे होते. शिवा काशीद नाभिक समाजातला. रात्रभर पालखी वाहणाऱ्या भोयांची तर नावेही घरोघर ठाऊक नाहीत. आज वाटेवरच्या वाड्यांतील माणसे आमच्या मुलांस ओसरीवर निजू देतात, गरम भाकरी वाढतात. तेथे पाहुणचार घेताना कुळशीलाची पुंजी उपयोगी पडत नाही. भाकरीचे मोल द्यावे, भांडी घासू लागावे, आपला केर आपण उचलून न्यावा.

जाणाऱ्यांनी महिनाभर आधी सराव करावा. आम्ही गणेशपुरीहून अकलोली, वज्रेश्वरी व परत असे पावसात, पाठीवर ओझे घेऊन चालविले. नवी पादत्राणे नेऊ नयेत. ओढा फुगला असल्यास पाणी ओसरेपर्यंत थांबावे, कोणाच्याही उत्साहाखातर त्यात उतरू नये. चाल सर्वांत सावकाश चालणाऱ्याची ठेवावी.

मुलगा यात्रेहून परतला म्हणजे घरची मंडळी कौतुकाने विचारतात, कितवा पोहोचलास? त्याऐवजी, वाटेत कोणाबरोबर थांबलास, हे त्यास विचारावे. उत्तर देता आले, तर पोराचे पाय कारणी लागले असे समजावे.