‘जरा मोठ्यानं’ म्हटलं की आवाज आणखी का बसतो?

२६ सप्टेंबर १८९६. सर फिरोजशहा मेहतांच्या पुढाकारानं मुंबईत सभा भरली होती. दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांचे हाल सांगायला सव्वीस वर्षांचे बॅरिस्टर मोहनदास गांधी उभे राहिले. फिरोजशहांच्या सूचनेवरून भाषण आधीच लिहून तयार होतं. तरी वाचायला सुरुवात करताच गांधींचं अंग थरथरू लागलं. धीर द्यावा म्हणून फिरोजशहा ‘मोठ्यानं, आणखी मोठ्यानं’ असं सांगत राहिले आणि तसतसा आवाज आणखीच खाली गेला. मित्र केशवराव देशपांडे मदतीला धावले, पण श्रोत्यांनी ‘वाच्छा, वाच्छा’ असा घोष लावला. अखेर भाषण दिनशा वाच्छांनी वाचलं. हे सगळं गांधींनीच आत्मकथेत लिहून ठेवलं आहे.

हे त्यांचं पहिलं भाषण नव्हतं. १८९३ मध्ये प्रिटोरियात एका व्यापाऱ्याच्या घरी जमलेल्या हिंदी मंडळींपुढे ते बोलले होते आणि तिथे त्यांची अशी अवस्था झाली नव्हती. मुंबईत तयारी कमी पडली म्हणावं, तर भाषण हातात होतं. बदलली होती ती समोरची माणसं.

समोरच्या माणसांचा हा परिणाम प्रयोगशाळेत मोजता येतो. जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठात क्लेमेन्स किर्शबाउम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये एक चाचणी तयार केली. थोडा वेळ तयारीला द्यायचा, मग परीक्षकांपुढे भाषण करायला लावायचं आणि लगेच १०२२ मधून १३-१३ वजा करत तोंडी गणित. परीक्षकांनी मान डोलवायची नाही, हसायचं नाही. एवढ्यानं बहुतेकांच्या लाळेत कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक ठळकपणे वाढतं. २००४ मध्ये सॅली डिकरसन आणि मार्गारेट केमेनी यांनी अशा २०८ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. आपल्याला कुणीतरी जोखतंय आणि परिस्थिती आपल्या हातात नाही, या दोन गोष्टी एकत्र आल्या की कॉर्टिसॉल सर्वांत जास्त चढतं, असं त्यात दिसलं.

त्याहून महत्त्वाचा मला २०१३ मधला बोखुमच्या संशोधकांचा प्रयोग वाटतो. त्यांनी परीक्षकांपुढे बोलणं तसंच ठेवलं, पण परीक्षक हसतमुख, बोलणाऱ्याला प्रतिसाद देणारे. आणि कॉर्टिसॉल वाढलंच नाही! घाबरणाऱ्याला ‘आत्मविश्वास वाढव’ असं बजावणाऱ्या प्रत्येकानं हा निष्कर्ष वाचायला हवा.

शरीरात घडतं ते असं. धोक्याची सूचना मिळताच अ‍ॅड्रेनलिन रक्तात उतरतं. हृदयाचे ठोके वाढतात, त्वचेच्या रक्तवाहिन्या आकसून बोटं गार पडतात, हात कापतात, लाळ आटते, स्वरयंत्राभोवतीचे स्नायू आवळले जातात. अशा आवळलेल्या गळ्यातून मोठा आवाज काढायला सांगणं म्हणजे ताणात भरच. पाठ केलेलं ऐन वेळी आठवत नाही, त्यालाही कारण आहे. ताण वाढला की मेंदूचा विचार जुळवणारा पुढचा भाग तात्पुरता मंदावतो.

पूर्व दिल्लीतल्या मयूर विहारमधल्या मराठी घरांत या भीतीला आणखी एक पदर असतो. इथली मुलं शाळेत हिंदी-इंग्रजीत शिकतात. त्यांची मराठी जेवणाच्या टेबलावरची आणि आजीशी फोनवर बोलण्यातली. गणेशोत्सवाच्या मंचावर तीच मराठी माइकवर बोलायची वेळ येते. ‘ळ’ चुकला, एखादा हिंदी शब्द घुसला की पुढच्या रांगेतून दुरुस्ती येते. सरावात नसलेल्या भाषेत बोलण्याची भीती ही सर्वसाधारण भित्रेपणाहून वेगळी असते, हे इलेन हॉर्विट्झ आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्येच मांडलं होतं. म्हणून ती दुरुस्ती घरी गेल्यावर करावी. मंचासमोर बसलेल्यांनी फक्त बोलणाऱ्याकडे बघून मान डोलवावी. पुढच्या रांगेत मावशी, काका, मित्र बसवता आले तर फारच उत्तम.

बोलणाऱ्याच्या हातातही बरंच आहे. छातीतली धडधड सहसा सुरुवातीच्या मिनिटात सर्वांत जास्त असते, मग ओसरू लागते. त्यामुळे पहिली दोन-तीन वाक्यं झोपेतही म्हणता यावीत इतकी पक्की हवीत. मंच रिकामा असताना त्यावर उभं राहून माइक हाताळून बघावा. मनातल्या मनात वाचणं पुरत नाही, घरच्यांपुढे मोठ्यानं म्हणावं. सुरुवात करण्याआधी श्वास सावकाश सोडला तर हृदयाची गती थोडी खाली येते. शिवाय आपली घाबरगुंडी लोकांना दिसते असं वाटतं तितकी ती दिसत नाही. केनेथ सावित्स्की आणि थॉमस गिलोविच यांनी २००३ मध्ये काही वक्त्यांना हीच गोष्ट आधी समजावून सांगितली, तर त्यांची भाषणं इतरांपेक्षा सरस झाली.

सरावानं भीती कमी होते, पण सगळ्यांची सारख्या वेगानं नाही. किर्शबाउम यांनीच १९९५ मध्ये वीस पुरुषांना ही चाचणी पाच दिवस रोज द्यायला लावली. तेरा जणांचं कॉर्टिसॉल दुसऱ्या दिवसापासूनच झपाट्यानं उतरलं. उरलेल्या सात जणांचं मात्र रोजच्या चाचणीत वाढतच राहिलं. तेव्हा शेजारच्या मुलीला एका गणपतीत जमलं आणि आपल्या मुलाला तीन वर्षांत जमलं नाही, म्हणून त्याला बोल लावू नये. या भीतीपोटी तो वर्गात हात वर करेनासा झाला, तोंडी परीक्षा किंवा मुलाखती टाळू लागला, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं. पूर्व दिल्लीकरांना त्यासाठी दिलशाद गार्डनमधली ‘इहबास’ ही सरकारी संस्था जवळ आहे. विचार आणि वागणूक टप्प्याटप्प्यानं बदलणाऱ्या उपचारपद्धतीचा अशा भीतीवर चांगला उपयोग होतो.