ताडावर चढलेला मासा

तंजावरचे नाव निघाले की मराठी मनापुढे सरस्वती महाल आणि सरफोजीराजे उभे राहतात. त्याच राज्याच्या किनाऱ्यावर, तरंगंबाडी येथे, १६२० पासून डॅनिश व्यापाऱ्यांची वसाहत होती. गादीवर अमरसिंहराजे असताना, नोव्हेंबर १७९१ मध्ये, डाल्डॉर्फ नावाच्या एका डॅनिश लेफ्टनंटाला तेथील तळ्याकाठी एक नवल दिसले. ताडाच्या सालीच्या भेगेत, पाण्यापासून सुमारे पाच फूट उंचावर, एक मासा वर सरकण्याची धडपड करीत होता. ही हकीकत १७९७ साली लंडनच्या लिनिअन सोसायटीने छापली. पुढे अनेकांनी तिच्यावर शंका घेतली. कावळ्याघारींनी पकडलेले मासे झाडावर सुटून राहत असावेत, असेही सुचविले गेले. तमिळ भाषेत मात्र या माशाचे नावच मुळी ‘पनैयेरी केंडै’, म्हणजे ताडावर चढणारा मासा, असे आहे.

झाडाचा वाद बाजूला ठेवला तरी मूळ प्रश्न उरतोच: पाण्याबाहेर हा मासा जगतो कसा? किंबहुना इतर मासे मरतात का, हेच आधी विचारावयास हवे. एक लिटर हवेत सुमारे २१० घन सेंटिमीटर प्राणवायू असतो. तळ्याच्या उबदार पाण्यात जेमतेम पाच-सहा. एवढ्या तुटपुंज्या साठ्यावर मासा जगतो तो कल्ल्यांच्या जोरावर. तोंडाने घेतलेले पाणी तो कल्ल्यांवरून मागे ढकलतो. कल्ल्यांच्या तंतूंवर अत्यंत पातळ पापुद्र्यांच्या रांगा असतात आणि त्यांतील रक्त पाण्याच्या उलट दिशेने वाहते. त्यामुळे रक्ताला पुढे जाता जाता अधिकाधिक ताजे पाणी भेटते आणि पाण्यातील बहुतेक प्राणवायू शोषला जातो. पण हे पापुद्रे पाण्याच्या आधारानेच एकमेकांपासून सुटे राहतात. मासा बाहेर काढताच ते ओल्या पुस्तकाच्या पानांसारखे चिकटतात, आणि भोवती प्राणवायूची रेलचेल असूनही तो गुदमरतो.

ताडमाशाच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वर, नागमोडी हाडांवर रक्तवाहिन्यांचे अस्तर चढविलेली एक पोकळी असते. तोंडाने घेतलेली हवा तीत जाते. कावेरीच्या कालव्यांचे पाणी उन्हाळ्यात आटून गढूळ झाले की कल्ल्यांच्या झाकणांवरील काटे जमिनीत रोवीत आणि शेपटीने रेटा देत तो दुसऱ्या डबक्याकडे निघतो. या सोयीची किंमतही त्याला मोजावी लागते. त्याचे कल्ले इतके अपुरे आहेत की पृष्ठभागावर येण्यास अडथळा केला तर हा मासा चक्क पाण्यात बुडून मरतो!

तरंगण्याची युक्ती निराळी. माशाचे मांस व हाडे पाण्याहून जड; तो भार पोटातील वायूची पिशवी, म्हणजे वाताशय, तोलून धरते. गोड्या पाण्यात शरीराच्या सुमारे सात टक्के घनफळ तेवढ्यास पुरते. रोहू-कटल्यांच्या वाताशयाला अन्ननलिकेशी जोडणारी नळी असते. ताडमाशासारख्यांत ती नसते, तेथे वायू रक्तातून भरला जातो. पृष्ठभागापासून दहा मीटर खाली गेले की दाब दुप्पट होऊन पिशवी निम्मी होते, म्हणून खोली बदलताना वायू कमी-अधिक करीत राहावे लागते. मुशीला ही पिशवीच नाही. तिचे तेलकट यकृत तिला थोडाफार आधार देते.

बंगालमध्ये हाच ताडमासा ‘कोई’ या नावाने आवडीने खाल्ला जातो. हंडीत थोडे पाणी घालून तो जिवंतच बाजारात आणतात. फक्त पाण्याच्या वर त्याला हवा घेण्यापुरती जागा ठेवावी लागते.