इपॉक्सीवर उभा चौक

युरोपातले जुने चौक आज कशासाठी वापरले जातात, यावर संपादकांना लेख हवा होता. स्पेनमध्ये त्यासाठी सालामांकाचा प्लाझा मायोर हे सोपे उत्तर होते. अठराव्या शतकातला, चारही बाजूंनी कमानी, सगळे एकसंध. मी सेव्हियाचा एन्कार्नासिऑन चौक निवडला, कारण त्यात काहीच एकसंध नाही. सर्वांत खाली रोमन शहराचे अवशेष आहेत, त्यावर मंडई, मंडईच्या छपरावर मोकळे पटांगण आणि पटांगणावर सव्वीस मीटर उंचीची लाकडी जाळी. दीडशे मीटर लांब आणि सत्तर मीटर रुंद अशा या जाळीच्या सहा छत्र्या एकमेकींत मिसळल्या आहेत. लोक त्यांना 'लास सेतास' म्हणतात, म्हणजे अळंबी. आराखडा बर्लिनचे वास्तुरचनाकार युर्गन मायर यांचा. सेव्हियाच्या कॅथीड्रलमधल्या उंच कमानी आणि जवळच्या क्रिस्तो दे बुर्गोस चौकातली जुनी, अवाढव्य फायकसची झाडे या दोन गोष्टी त्यांच्या डोळ्यांसमोर होत्या. पहिल्या नजरेत मला कॅथीड्रल आठवले नाही, झाडे मात्र लगेच दिसली.

चौकाचे नाव इथल्या एका मठाचे. नेपोलियनच्या फौजा शहरात असताना तो मठ पाडला गेला आणि पुढच्या काही दशकांत तिथे शहराची मोठी मंडई उभी राहिली. १९४८ मध्ये रस्ता रुंद करण्यासाठी मंडईचा एक भाग पाडला. उरलेली मोडकळीला आलेली इमारत १९७३ मध्ये गेली. गाळेवाल्यांना चौकाच्या एका कोपऱ्यात तात्पुरती जागा मिळाली.

ही तात्पुरती सोय सदतीस वर्षे टिकली. १९७३ मध्ये वडिलांच्या गाळ्यावर बसायला लागलेला पोरगा नवी मंडई उघडेपर्यंत, म्हणजे २०१० च्या अखेरीपर्यंत, निवृत्तीच्या वयाला आला. मधल्या काळात जुन्या शहराच्या ऐन मध्यावर एक मोकळा भूखंड पडून होता आणि त्याभोवतीची दुकाने, घरे, सगळा उत्तरेकडचा भाग हळूहळू मागे पडत गेला. शहराचे लक्ष कॅथीड्रलकडे, नदीकडे आणि १९९२ च्या जागतिक प्रदर्शनाच्या बेटाकडे होते.

नव्वदच्या दशकात महापालिकेने ठरवले की इथे जमिनीखाली वाहनतळ करायचा आणि वर मंडई. खोदकाम सुरू झाले आणि खाली हिस्पालिस लागले, रोमनांचे सेव्हिया. भिंती, जमिनीवरची मोझेइक, त्यांच्यावर मुस्लिम राजवटीतल्या घरांचे थर. सुमारे एक कोटी चाळीस लाख युरो खर्च झाल्यावर काम थांबवावे लागले. २००४ मध्ये महापालिकेने आंतरराष्ट्रीय स्पर्धा जाहीर केली आणि मायर यांची रचना निवडली गेली.

आज ते अवशेष 'अँटिक्वेरियम' नावाच्या तळघरातल्या संग्रहालयात, जिथे सापडले तिथेच, पाचेक मीटर खाली आहेत. मेड्युसाचा चेहरा असलेली मोझेइकची जमीन पाहायला गर्दी होते. मी जास्त वेळ थांबलो ते मासे खारवायच्या रोमन टाक्यांपाशी. पहिल्या शतकातल्या या चौकोनी हौदांत मासे मिठात घालून मुरवत. बरोबर त्यांच्या वरच्या मजल्यावर आज वेल्वाची कोळंबी आणि कादिसकडचे मासे बर्फावर मांडलेले असतात. कुणी ठरवून केलेली ही मांडणी नाही. नदीकाठच्या शहराला मासे लागतात आणि बाजाराची जागा लोक सहजी सोडत नाहीत, एवढेच तिचे कारण.

आता ज्या गोष्टीने मला या चौकात खिळवून ठेवले तिच्याकडे येतो. ती म्हणजे जाळीचा सांधा.

जाळीत सुमारे तीन हजार चारशे तुकडे आहेत. दीड मीटर बाय दीड मीटरच्या चौकटीत ते एकमेकांना छेदत जातात. हे अखंड लाकूड नव्हे. स्प्रूसचा ओंडका फिरवत ठेवून त्याची तीन मिलिमीटर जाडीची पात सोलायची, अशा अनेक पाती एकावर एक चिकटवून दाबायच्या आणि त्यातून फळा तयार करायचा. फिनलंडच्या कंपनीचा हा माल. जिथे भार कमी तिथे फळा सात सेंटिमीटरहून थोडा कमी जाड, जिथे छत्री खोडाला मिळते तिथे तीस सेंटिमीटरच्या वर. प्रत्येक तुकड्याचा आकार वेगळा असल्यामुळे कापणी संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी केली. सर्वांत मोठा तुकडा साडेसोळा मीटर लांब आहे.

तुकडे कापणे अवघड नव्हते, जोडणे अवघड होते. एखाद्या घराच्या छपरात कैची करतात तेव्हा बहुतेक सांध्यांवर फक्त ताण किंवा दाब येतो. इथे छत्रीचे टोक खोडापासून दूरवर अधांतरी आहे, त्यामुळे प्रत्येक सांध्याला वाकवणारा जोरही सोसावा लागतो. असा सांधा पोलादी पट्ट्या आणि जाडजूड बोल्ट घालून करता येतो, पण असे जवळजवळ तीन हजार सांधे आहेत. पोलाद वाढवले की वजन वाढते, वजन वाढले की लाकूड जाड करावे लागते, लाकूड जाड झाले की सांध्यावरचा भार पुन्हा वाढतो. २००७ च्या मे महिन्यात अरुप या अभियांत्रिकी कंपनीने महापालिकेला कळवले की आराखडा आहे त्या रूपात बांधता येणार नाही. तोवर काम सुरू झालेले होते.

उत्तर सापडायला २००९ उजाडले. फळ्याच्या टोकात खोल भोके पाडायची, त्यांत पोलादी सळया घालायच्या आणि सळई व लाकूड यांमधली फट इपॉक्सीने भरायची. भार लाकडातून इपॉक्सीत, इपॉक्सीतून सळईत आणि सळईतून शेजारच्या तुकड्यात जातो. सांधा हलका होतो आणि बाहेरून फारसा दिसत नाही. पण इपॉक्सी उष्णतेला घाबरते. एका ठरावीक तापमानापर्यंत ती काचेसारखी कडक राहते, त्यापलीकडे रबरासारखी मऊ पडू लागते. सेव्हियात उन्हाळ्यात सावलीतला पारा चाळीसच्या वर जातो आणि थेट उन्हातले लाकूड साठ अंशांपर्यंत तापू शकते, असा अभियंत्यांचा हिशेब होता. साध्या इपॉक्सीसाठी ही धोक्याची हद्द. म्हणून इथली इपॉक्सी भरल्यानंतर मुद्दाम तापवून पक्की केली. अशी उष्णता देऊन मुरवली की तिची मऊ पडण्याची मर्यादा वर सरकते. या सांध्यांसाठी ती ऐंशी अंशांच्या आसपास नेली.

जाळीच्या माथ्यावरच्या वळणावळणाच्या पायवाटेवरून चालताना लोक कॅथीड्रलचा जिराल्दा मनोरा शोधतात, सूर्यास्ताची वाट बघतात. मी वाकून फळ्यांच्या जोडांकडे पाहत होतो. इतकी वर्षे इथे ऊन तापले, रात्री गार झाले, लाकूड फुगले, आकसले, आणि सळईभोवतीचा तो पातळ थर आपले काम करतो आहे. मला ही कॅथीड्रलच्या कमानीइतकीच मोठी करामत वाटते. फरक एवढाच की दगडी कमानीची ताकद कुणालाही नजरेने वाचता येते, या सांध्याची नाही.

चौक २०११ च्या मार्चमध्ये खुला झाला. खर्च मूळ अंदाजाच्या दुपटीच्या आसपास गेला होता, दहा कोटी युरोंच्या घरात. स्पेन मंदीत होता, आंदालुसियातली बेकारी तीस टक्क्यांजवळ पोचली होती. मे महिन्यात देशभर तरुण चौकाचौकांत ठाण मांडून बसले तेव्हा सेव्हियातल्या आंदोलकांनी तंबू याच छत्र्यांखाली ठोकले. त्याच महिन्यात झालेल्या निवडणुकीत, हा प्रकल्प पुढे नेणाऱ्या महापौर मोन्तेसेइरीन यांच्या समाजवादी पक्षाच्या हातून महापालिका गेली. तेव्हापासून मैफली, मोर्चे, स्केटबोर्ड घेतलेली पोरे, पवित्र सप्ताहातल्या मिरवणुका, सगळ्यांनी ही जागा आपली मानली आहे. चौक सांस्कृतिक केंद्र झाला तो बांधकामाच्या आराखड्यापेक्षा या लोकांमुळे, असे मला वाटते.

पण अडचणी मिटलेल्या नाहीत. पहिली सावलीचीच. सेव्हियाचा अक्षांश साडेसदतीस अंशांच्या जवळ, म्हणजे जूनच्या ऐन मध्यान्ही सूर्य क्षितिजापासून सुमारे शहात्तर अंशांवर असतो. जाळी तीन मीटर खोल धरली तरी दीड मीटरच्या चौकटीत फळ्याची सावली साधारण पाऊण मीटर पडते, उरलेल्या अर्ध्या भागातून ऊन सरळ खाली येते. जिथे जाळी उथळ आहे तिथे त्याहून जास्त. स्पेन मध्य युरोपाची वेळ पाळत असल्यामुळे ही मध्यान्ह घड्याळात अडीचच्या सुमारास येते आणि त्यानंतर पटांगणाची फरसबंदी कितीतरी तास तापलेली राहते. क्रिस्तो दे बुर्गोस चौकातले फायकस नुसते ऊन अडवत नाहीत, पानांतून पाणी सोडून हवाही गार करतात. लाकडी छत्रीला ते जमत नाही. ज्या झाडांवरून ही रचना सुचली, तशी झाडे पटांगणाखाली मंडई असल्यामुळे तिथे लावता येत नाहीत, कारण मुळांना माती हवी.

दुसरी अडचण आवरणाची. प्रत्येक फळ्यावर दोन ते तीन मिलिमीटर जाडीचा फिकट रंगाचा पॉलियुरेथेनचा थर फवारलेला आहे. लाकडाचे पावसापासून रक्षण करणारे तेवढेच. छपरावर कौल नाही, पत्रा नाही, प्रत्येक फळ्याची वरची कड थेट आकाशाखाली आहे. उन्हातल्या अतिनील किरणांनी असे थर झिजतात. कुठे बारीक चीर पडली की पाणी आत जाते, आत गेलेले पाणी वाळायला वेळ लागतो, आणि ओल राहिली की बुरशी धरते. बुरशी सळईभोवतालच्या लाकडात शिरली तर इपॉक्सी कितीही पक्की असो, तिला धरून ठेवायला काही उरणार नाही. दगडाच्या इमारतीकडे दहा वर्षे दुर्लक्ष केले तर ती मळते. या जाळीच्या बाबतीत तेवढे दुर्लक्ष परवडणारे नाही.

तिसरी अडचण मंडईचीच आहे आणि ती मला सर्वांत जास्त लागली. भोवतालच्या घरांत आता पर्यटकांसाठी भाड्याच्या खोल्या वाढत आहेत. पाहुणा किलोभर टोमॅटो घेत नाही, तो कॉफी घेतो. चौकाने आजूबाजूला पैसा आणला हे खरे, पण तो पैसा रोज सकाळी पिशवी घेऊन येणाऱ्या शेजाऱ्याला तिथून हलवत असेल, तर सदतीस वर्षे तात्पुरत्या जागेत काढलेल्या गाळेवाल्यांना नवे छत मिळून काय उपयोग? महापालिकेला इथे करता येण्यासारखे बरेच आहे. या भागात पर्यटकांच्या खोल्यांचे नवे परवाने देताना हात आखडता घेता येईल, गाळ्यांची भाडी मासे-भाजी विकणाऱ्यांसाठी वेगळी ठेवता येतील. आणि वर जाण्याच्या तिकिटातून येणाऱ्या पैशांपैकी किती आवरणावर आणि सांध्यांच्या तपासणीवर खर्च झाला, तपासणी कोणत्या महिन्यात झाली, कोणते तुकडे बदलले, हे सगळे मंडईच्या दाराशी लावता येईल. अँटिक्वेरियममध्ये रोमन टाक्या बघता येतात, तसाच एखादा सांधा उभा कापून तिथे ठेवला तर शाळेची मुलेही त्यातली सळई आणि इपॉक्सी बघू शकतील.