ठिणगी की पेट्रोल? घाटात रुसणाऱ्या जुन्या स्पोर्ट्स कारचं निदान

चांगला पगार, मोकळा वीकेंड आणि डोक्यात एकच भूत: आपल्याकडे एखादी जुनी, उघड्या टपाची टू-सीटर हवी! गंगापूर रोडला कॉफीसाठी नेली की चार माना वळल्याच पाहिजेत. पण या गाड्यांची खरी परीक्षा असते ती एप्रिलमधल्या कसारा घाटात. भर चढावर, मागे ट्रकची रांग असताना इंजिन गप्प होतं. स्टार्टर फिरतो, पण गाडी ढिम्म. आणि वीस मिनिटांनी काही झालंच नाही अशा थाटात सुरू! मग सोमवारी गॅरेजमध्ये कॉइल, प्लग, पॉइंट, सगळं एका दमात बदलून टाकायचं. बिल भरायचं. आणि पुढच्या रविवारी गाडी पुन्हा त्याच वळणावर बंद.

बॉस, गडबड इथेच आहे. जुनी गाडी बंद पडते त्या क्षणी ती स्वतःच्या दुखण्याचा पुरावा देत असते. पार्ट बदलण्याच्या घाईत आपण तो पुसून टाकतो.

हेराल्डची चुलत बहीण

उदाहरणादाखल ट्रायम्फ स्पिटफायर घेऊ. १९६२ साली इंग्लंडमध्ये आलेली ही छोटी स्पोर्ट्स कार १९८० पर्यंत बनत होती. ती आपल्याकडे कधी बनली नाही, पण तिची चुलत बहीण बनली. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने १९६१ पासून काढलेली स्टँडर्ड हेराल्ड आठवते? नसेल, तर घरातल्या काका-मामांना विचारा. स्पिटफायरची चासी हेराल्डचीच, थोडी आखूड केलेली. इंजिनही त्याच घराण्यातलं, आणि दोघींचं डिझाइन जियोव्हानी मिकेलोत्ती या इटालियन माणसाचं. त्यामुळे हेराल्डवर हात काळे केलेला मिस्त्री स्पिटफायरचं बॉनेट उघडून गांगरणार नाही. ठिणगी पाडायची पद्धत तर पद्मिनी आणि जुन्या अॅम्बेसेडरचीही हीच.

‘डेल्को’ म्हणजे काय रे भाऊ?

गॅरेजमध्ये डिस्ट्रिब्युटरला सर्रास ‘डेल्को’ म्हणतात. हे नाव चार्ल्स केटरिंग या अमेरिकन इंजिनिअरच्या डेल्को कंपनीचं. त्याची बॅटरीवर चालणारी इग्निशन १९१०च्या कॅडिलॅकमध्ये बसली आणि पुढची साठेक वर्षं जगभरच्या गाड्या त्याच तत्त्वावर धावल्या.

फंडा सोपा आहे. डेल्कोतले पॉइंट मिटले की कॉइलमधून करंट वाहतो. पॉइंट उघडले की तो तुटतो, आणि कॉइलच्या दुसऱ्या वेढ्यात काही हजार व्होल्ट तयार होतात. रोटर ते योग्य प्लगकडे पाठवतो. पॉइंटवर ठिणगी उडू नये आणि करंट झटक्यात तुटावा, हे काम छोट्याशा कंडेन्सरचं. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३,००० फेरे मारतं तेव्हा हा सगळा खेळ सेकंदाला १०० वेळा होतो. एवढ्या घाईत एखादी सैल तारही पुरते.

पहिली दोन मिनिटं

गाडी कडेला घ्या, हॅझर्ड लावा (नसतील तर लाल त्रिकोण ठेवा), चाकाला दगड लावा. आता आठवा: ती मेली कशी? कुणी चावी फिरवल्यासारखी पटकन मेली, तर संशय करंटवर. आधी धक्के, मिसिंग, खोकला आणि मग हळूहळू मेली, तर संशय पेट्रोलवर. इलेक्ट्रिक टॅकोमीटर असेल तर आणखी सोपं. गाडी गिअरमध्ये घरंगळते आहे, इंजिन फिरतंय आणि काटा मात्र थेट शून्यावर पडला, तर गडबड बहुतेक इग्निशनमध्येच.

ताबडतोब करंट तपासा. इंजिन थंड झालं की चोर पळाला! जवळचा जादा प्लग एका वायरला लावा, त्याची बॉडी इंजिनच्या उघड्या धातूला टेकवा आणि मित्राला स्टार्टर मारायला सांगा. वायर हाताने धरू नका, रबरी मुठीचा पक्कड वापरा, आणि हे कार्ब्युरेटरपासून लांब करा. टणक निळी ठिणगी आली, तर मोर्चा पेट्रोलकडे वळवा. फिकी पिवळी आली किंवा आलीच नाही, तर टेस्ट लॅम्प काढा.

लॅम्पचं एक टोक बॉडीला, दुसरं कॉइलवरून डेल्कोकडे जाणाऱ्या तारेच्या टोकाला. स्टार्टर मारताना दिवा लुकलुकला, तर पॉइंट काम करताहेत. कॉइलचा आतला वेढा, रोटर किंवा कॅप बघा. दिवा सतत पेटलेला राहिला, तर पॉइंट घाण झालेत, मिटत नाहीत किंवा आतली तार तुटली आहे. पेटलाच नाही, तर तोच दिवा कॉइलच्या दुसऱ्या टोकाला लावा. तिथेही अंधार असेल तर कॉइलला बॅटरीचा करंटच येत नाही. तिथे उजेड असेल तर पॉइंट उघडत नाहीत किंवा कंडेन्सर शॉर्ट झालाय.

लपलेले चोर

काही चोर बेरकी असतात. डेल्कोच्या आत अर्थची एक बारीक तार असते. अॅक्सिलरेटर दाबला की व्हॅक्यूममुळे आतली प्लेट हलते, तार वाकते. वर्षानुवर्षं वाकून ती आतून तुटते आणि वरचं आवरण मात्र शाबूत! गॅरेजमध्ये उभी गाडी मस्त, चढावर दाबली की ठप्प. पॉइंटची टाच झिजली की गॅप कमी होते आणि टायमिंग मागे पडतं. फीलर गेजने मोजा. या लुकास डेल्कोत गॅप साधारण ०.४ मिमी असते. पावसाळ्यात कॅपच्या आत ओल धरते, तेव्हा कोरडं फडकं हाच डॉक्टर. आणि हो, नवा कंडेन्सर चांगलाच निघेल याची खात्री नाही. जुना चालत असेल तर डिकीत जपून ठेवा.

एसी पंप आणि ओला रुमाल

ठिणगी ठणठणीत, तरी गाडी बंद? स्पिटफायरमध्ये कार्ब्युरेटर थेट एक्झॉस्टच्या डोक्यावर बसतात. घाटात हळू चढताना वारा कमी, उष्णता जास्त. पेट्रोल पाइपमध्येच उकळतं आणि आपण ज्याला एसी पंप म्हणतो तो वाफ ओढू शकत नाही. पंपावर ओला रुमाल टाकणं हा घाटातला जुना उपाय, पण तो एक चाचणीही आहे. पंप गार करताच गाडी सुरू झाली, तर कॉइलवर पैसे घालवू नका. टाकीचं झाकणही उघडून बघा. ‘फुस्स’ असा जोराचा आवाज आला, तर झाकणाचं हवेचं भोक तुंबलंय.

यात आता नवा पाहुणा आलाय: २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. ते जुने रबरी पाइप खराब करतं आणि टाकीतला गाळ सुटा करून जेटमध्ये पाठवतं. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने जुन्या सेटिंगवर मिक्श्चर पातळ होतं आणि गाडी आयडलला मरते. पाइप इथेनॉल सोसणारे घाला, फिल्टर बसवा, जेटचं माप मिस्त्रीकडून तपासून घ्या.

त्यात २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांवरची गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवली, तर ती रोजच्या वापरासाठी नसते. म्हणजे ती उभीच जास्त राहणार, पॉइंटवर पापुद्रा चढणार, पेट्रोल शिळं होणार.

म्हणून घाटात नेण्याआधी तिला गावातच तासभर तापवा. डिकीत टेस्ट लॅम्प, फीलर गेज, पॉलिश पेपर, जादा प्लग, रोटर, कंडेन्सर आणि पाण्याची बाटली ठेवा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय बदललं ते वहीत लिहा. दोन पार्ट एकदम बदलले आणि गाडी सुरू झाली, तर दोषी कोण होता हे कधीच कळत नाही. आणि ते कळल्याशिवाय कसारा उतरू नका.