घाटातील मोटार आणि चमचाभर पेट्रोल

माघातील यात्रेसाठी उळवीच्या श्रीचन्नबसवेश्वरांच्या दर्शनास धारवाड-बेळगावकडून आजही बैलगाड्या येतात. बैलाला दम लागला की गाडीवानाला तो समोर दिसतो. मोटार हाकणाऱ्यास मात्र ती सोय नाही; त्याला कळते ते पेट्रोल पंपावर.

दांडेलीहून जोयड्यावरून उळवीस जाणारा रस्ता अरण्यातला, चढउतारांचा आणि वळणांचा आहे. तेथे थोडा हिशेब करून पाहू. इंजिन पेट्रोलमधील शक्तीचा जेमतेम चौथा हिस्सा कामी लावते असे धरले, तर एक टनाच्या मोटारीला ताशी 60 किलोमीटरचा वेग देण्यासच सुमारे 17 मिलिलिटर, म्हणजे मोठा चमचाभर पेट्रोल लागते. वळणावर ब्रेक दाबून वेग 30 वर आणला, की वेग निम्मा होतो. पण त्यातील शक्ती तीन चतुर्थांश नाहीशी होते, कारण ती वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलते. ती जाते ब्रेक तापविण्यात. अशी वीस वळणे घेतली की पाव लिटर पेट्रोल गेले! वळण दुरून हेरून ज्याने आधीच पाय उचलला, त्याचे यातील बरेचसे वाचते.

चढाचा खर्च मात्र कोणालाच चुकत नाही. हीच मोटार 100 मीटर उंच नेण्यास सुमारे 120 मिलिलिटर पेट्रोल हवे. ते उतारावर वसूल करावे म्हणून कित्येक चालक गाडी न्यूट्रलमध्ये सोडतात. एकदा अशा गाडीत मी बसलो होतो. खाली पोहोचेपर्यंत जळक्या ब्रेकचा वास नाकात भरला होता. ही बचत नव्हेच. आजच्या इंजिनात, गाडी गिअरमध्ये असता ॲक्सिलरेटरवरील पाय काढला, की इंधनाचा पुरवठा आपोआप बंद होतो आणि चाकेच इंजिनाला फिरवितात. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवण्यास उलट पेट्रोल जळत राहते आणि सारा भार ब्रेकवर पडतो. ब्रेक अतिशय तापले की त्यांची पकड सुटू लागते. पुढे यात्रेकरूंची गर्दी असेल तर काय होईल, हे सांगावयास नको.

विजेच्या मोटारीत उतारावर मोटरच जनित्र बनते आणि खर्ची पडलेल्या शक्तीचा काही भाग बॅटरीत परत भरते. मात्र उतार लागण्यापूर्वीच बॅटरी काठोकाठ भरलेली असेल, तर ही परतफेड घेण्यास तिच्यात जागाच उरत नाही.