खांबाखाली दाढीचं ब्लेड

साठेक किलोची, टेबलावर मावणारी चिनी बनावटीची मिलिंग मशीन आम्ही दोघांनी जिन्यानं वर चढवली, तेव्हा माझ्या डोक्यात एकच होतं: हिला मोटारी लावायच्या आणि कॉम्प्युटरवर चालवायची. मोटारी मागवूनही झाल्या होत्या. मग भोसरीच्या एका गाळ्यात आयुष्यभर लेथ-मिलिंग केलेले शेजारचे काका बघायला आले. टेबल दोन्ही हातांनी धरून त्यांनी हिसका दिला, टक् असा आवाज आला. "आधी ह्याचा प्ले बघ," ते म्हणाले. "मोटार लावून प्ले जात नाही रे."

प्ले म्हणजे काय, ते हँडलवर हात ठेवल्याशिवाय नीट कळत नाही. हँडल उजवीकडे फिरवत आलात आणि उलट फिरवलंत, तर टेबल लगेच निघत नाही. स्क्रूच्या आणि नटाच्या आट्यांमधली फट आधी भरून निघावी लागते, मग ते सरकतं. डायल गेज लावून बघितलं, तर माझ्या मशीनचं हँडल 0.18 मिमी नुसतंच फिरत होतं. हातानं काम करणारा कारागीर यावर साधा उपाय करतो: मापावर नेहमी एकाच बाजूनं यायचं, पुढे गेलंच तर बरंच मागे जाऊन परत यायचं. गोल कापणाऱ्या कॉम्प्युटरला ही सोय नाही. एका वर्तुळात दोन्ही अक्ष दोन-दोनदा दिशा बदलतात. म्हणून ढिल्या मशीनवर कापलेल्या गोलाला नेमक्या चार जागी पायरी उमटते. नखानं चाचपली तरी लागते.

म्हणून मोटारींचं खोकं पलंगाखाली गेलं आणि मशीन पूर्ण खोलली. कारखान्यातलं चिकट ग्रीस डिझेलनं धुतलं, त्यात वाळूसारखा चुरा निघाला. सरकत्या भागांमधल्या गिब पट्ट्या तेलदगडावर घासल्या. त्यांचे स्क्रू टेबल डुलणार नाही, पण अडकणारही नाही इतपत आवळले. ही जागा हाताला कळेपर्यंत दोन रविवार गेले.

मग कटरचं डोकं पेलणारा खांब. कटर धरणाऱ्या स्पिंडलमध्ये आडवा दांडा धरून त्याच्या टोकाला डायल लावायची, स्पिंडल हातानं फिरवायचा आणि टेबलाच्या डाव्या-उजव्या कडेला काटा काय दाखवतो ते बघायचं. 200 मिमी अंतरात 0.20 मिमीचा फरक आला, म्हणजे डोकं एका अंगाला कललेलं. खांबाचा पाया 100 मिमी रुंद. हिशेब त्रैराशिकाचा: एका बाजूखाली 0.10 मिमी सरकवायचं. दाढीचं ब्लेड बरोबर तेवढंच जाड असतं! बोल्टच्या शेजारी ते सारून आवळलं, तर काटा 0.02 वर आला. तिथंच थांबलो. उरलेल्या 0.02च्या मागे लागलं की संसार सुटतो.

आता मोटारी. स्टेपर मोटारीच्या एका फेऱ्यात 200 पावलं. फेऱ्याला 5 मिमी सरकवणारा, नटात गोळ्या असलेला बॉलस्क्रू लावला की एक पाऊल 0.025 मिमीचं. मोटार चालवणाऱ्या ड्रायव्हर सर्किटनं त्याचे दहा तुकडे केले की कागदावर अडीच मायक्रॉन. हा आकडा जाहिरातीत शोभतो, मशीनच्या ढिलाईला तो ठाऊक नसतो. शिवाय साधा स्टेपर आंधळा: टेबल अडकून पावलं चुकली तरी कॉम्प्युटर पोचलोच समजून पुढे कापत राहतो. सॉफ्टवेअरमध्ये प्लेचा आकडा भरता येतो, पण कटरनं टेबल स्वतःकडे ओढलं तर त्या भरपाईचा उपयोग नाही. स्क्रू बदलणंच खरं. 1952 साली अमेरिकेत एमआयटीनं आकड्यांच्या आज्ञांवर चालणारी पहिली मिलिंग मशीन दाखवली. छिद्रं पाडलेल्या कागदी फितीवर चालणारी ती मशीनही सिनसिनाटी कंपनीची जुनी हायड्रोटेलच होती. बदलून घेण्याची ही वाट जुनीच आहे.

एका गोष्टीबद्दल मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं. जुना स्क्रू घर्षणानं जागच्या जागी धरून राहतो. बॉलस्क्रू इतका हलका फिरतो की वजन पडलं तर उलटा फिरतो. उभ्या अक्षावर अख्खं डोकं लटकलेलं. वीज असते तोवर मोटार ते धरून ठेवते. एका गुरुवारी दुपारी कापणं चालू असताना लाइट गेली. डोकं सावकाश, अगदी शांतपणे खाली उतरलं आणि सहा मिमीचा कटर ॲल्युमिनियममध्ये रुतून कट्कन तुटला.

भंगारवाल्याकडून कारच्या डिकीचा गॅस स्प्रिंग आणला. तो डोक्याला आधार म्हणून लावला, आणि मशीन तातडीनं थांबवणारं लाल मशरूम बटण हाताशी येईल असं बसवलं. पुढच्या रविवारी 60 मिमीचा गोल कापला. आडवा मोजला, उभा मोजला, फरक 0.03 मिमी. काकांनी तो घेतला, कडेवरून नख फिरवलं, दुसऱ्यांदा फिरवलं, आणि चष्मा काढून खिशात ठेवत विचारलं, "आता ह्याचं करणार काय?"