ओमानच्या वाळवंटी किनाऱ्यावर सहकुटुंब मुक्काम: गाडी, पाणी आणि नमाजचं नियोजन

रत्नागिरी, श्रीवर्धन, म्हसळा, दापोली या भागातलं क्वचितच एखादं घर असेल, ज्यातलं कुणी ना कुणी खाडी देशांत नोकरीला नाही. मस्कतमध्ये तर आपल्या माणसांची दुसरी-तिसरी पिढी राहते. थंडी सुरू झाली की गावाहून अम्मी-अब्बा व्हिजिटवर येतात, मुलांना शाळेची सुट्टी लागते आणि घरात विषय निघतो: चला, दोन गाड्या काढू, तंबू घेऊ आणि समुद्रकिनाऱ्यानं वाळवंटात जाऊ.

बेत चांगलाच आहे. पण रस्ता सोडून वाळूत उतरणं आणि हायवेवरून सहल करणं यात फार फरक आहे. सोबत म्हातारी माणसं आणि लहान मुलं असतील तर चूक करायला जागाच राहत नाही. म्हणून निघण्याआधी काय समजून घ्यायचं, ते एकत्र सांगायचा हा प्रयत्न.

हा इलाखा कसा आहे?

मस्कतहून दक्षिण-पूर्वेला किनाऱ्यानं निघालं की सुमारे दोनशे किलोमीटरवर सूर शहर लागतं. लाकडी गलबतं बांधण्यासाठी हे बंदर प्रसिद्ध. १९५१ मध्ये बांधलेलं ‘फतह अल खैर’ हे मोठं गलबत तिथं आजही जपून ठेवलंय. सूरच्या थोडं अलीकडे कल्हात या जुन्या बंदराचे अवशेष आहेत. बीबी मरियमची कबर तिथलीच. २०१८ मध्ये कल्हातला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जागा मिळाली.

सूरच्या पुढे रास अल हद्द आणि रास अल जिन्झ हा अरबस्तानाचा पूर्वेकडचा कोपरा. तिथून किनारा दक्षिणेला वळतो आणि अल अशखराच्या पुढे वाळूचे डोंगर समुद्राला भिडतात. हे शरकिया वाळवंट. जुनं नाव वहीबा. उत्तर-दक्षिण सुमारे १८० किलोमीटर आणि रुंदी ८० किलोमीटर. आणखी खाली महूत विलायतीत अल खलूफ हे मच्छीमारांचं गाव आहे. त्याच्या आसपास साखरेसारखी पांढरी वाळू आहे. त्यापुढे बर अल हिकमान. तिथल्या चिखलाच्या सपाटीवर थंडीत लाखो स्थलांतरित पक्षी उतरतात.

जायचं ते नोव्हेंबर ते फेब्रुवारी. आपल्याकडे मिरगाला जो नैऋत्येचा वारा पाऊस आणतो, तोच वारा जून ते सप्टेंबर या किनाऱ्याला झोडपतो. तेव्हा समुद्र खवळलेला असतो आणि वाळू सतत उडत असते. त्याच वाऱ्यामुळे समुद्राच्या तळाचं थंड पाणी वर येतं, त्यावर मासळी पोसते. म्हणून तर ही कोळ्यांची गावं इथं आहेत. खलूफसारख्या ठिकाणी ताजी सुरमई मिळते. ओमानी लोक तिला ‘कनद’ म्हणतात. १५ ऑगस्ट ते १५ ऑक्टोबर तिची मासेमारी बंद असते, म्हणजे थंडीत अडचण नाही.

इब्न बतूताची गोष्ट ध्यानात ठेवा

चौदाव्या शतकात इब्न बतूता समुद्रमार्गे सूरजवळ उतरला. समोर कल्हात शहर दिसत होतं. जवळच वाटलं, म्हणून तो पायी निघाला. सोबत खिज्र नावाचा एक हिंदी माणूस होता आणि वाट दाखवायला एक वाटाड्या. शहर जवळ येईना, पाणी संपलं आणि वाटाड्याची नियतही फिरली. रात्र उघड्यावर काढावी लागली. कल्हातला पोहोचला तेव्हा पाय सुजून बुटात मावत नव्हते.

सातशे वर्षांत रस्ते झाले, जीपीएस आलं, पण वाळवंटातला धोका तोच आहे: लांबचं जवळ वाटतं आणि पाणी कमी पडतं. म्हणून पहिला नियम हा, की गाडी अडकली किंवा बिघडली तर गाडी सोडून चालत निघायचं नाही. गाडी सावली देते, लांबून दिसते, आणि शोधायला आलेल्याला माणसाआधी गाडी सापडते. निघण्याआधी मस्कतमधल्या एखाद्या नातेवाइकाला मार्ग, मुक्कामाची जागा आणि परतीची वेळ लिहून द्या. ठरलेल्या वेळेपर्यंत फोन आला नाही तर त्यानं पोलिसांना कळवायचं, हेही आधीच ठरवा. ओमानमध्ये आपत्कालीन नंबर ९९९९ आहे. बऱ्याच ठिकाणी मोबाइलला रेंज नसते, तेव्हा नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवा.

पाण्याचा हिशोब

पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी माणशी रोज ५ लिटर धरा. घरातली सहा माणसं आणि तीन दिवस म्हणजे ९० लिटर. त्यावर एक दिवस जास्तीचा, ३० लिटर. एकूण १२० लिटर. हे सगळं एका मोठ्या टाकीत ठेवू नका. वीस-वीस लिटरचे सहा कॅन घ्या आणि दोन्ही गाड्यांत वाटून ठेवा. एक फुटला, एक गाडी मागं राहिली, तरी पाणी हाताशी राहतं.

या हिशोबात वजूचं पाणी धरलेलं नाही. जपून वजू केला तरी एका वेळेला पाऊण ते एक लिटर पाणी लागतं. सहा माणसं, पाच वेळा, म्हणजे दिवसाला ३० लिटरपर्यंत. पिण्याइतकंच पाणी वजूला! मग करायचं काय?

किनाऱ्यावर याचं उत्तर समोरच आहे. समुद्राचं पाणी पाक आहे आणि त्यानं वजू होतो. समुद्रात जाणाऱ्या एका माणसानं रसूलुल्लाह (स.) यांना नेमका हाच सवाल केला होता: आमच्याकडे गोडं पाणी थोडंच असतं, त्यानं वजू केला तर तहानेनं हाल होतील. त्यांना समुद्राच्या पाण्यानं वजू करायची परवानगी मिळाली. म्हणजे किनाऱ्यावर मुक्काम असेल तर वजूला समुद्र आणि पिण्याला कॅन. खाऱ्या पाण्यानं तोंड चुरचुरलं तर नंतर ओंजळभर गोडं पाणी फिरवा. फक्त अंधारात मुलांना आणि म्हाताऱ्यांना एकटं पाण्याकडे पाठवू नका. संध्याकाळीच दोन बादल्या भरून तंबूजवळ ठेवा.

आत वाळवंटात, समुद्रापासून लांब असाल आणि जवळचं पाणी पिण्यासाठी लागणार असेल तर तयम्मुमची सवलत आहे. इथं आपल्याकडे एक फरक आहे. कोकणी मुसलमान बहुतेक शाफई आहेत, बाकी महाराष्ट्रात बहुतेक हनफी. हनफी मसलकात वाळू, दगड, माती कशावरही तयम्मुम होतो आणि तो तुटेपर्यंत त्यावर कितीही नमाजा पढता येतात. शाफई मसलकात धूळ असलेली माती लागते. नुसती धुवून निघालेली स्वच्छ वाळू चालत नाही. शिवाय प्रत्येक फर्ज नमाजला वेगळा तयम्मुम लागतो. म्हणून शाफई कुटुंबानं एका डब्यात कोरडी, पाक माती सोबत ठेवलेली बरी.

सफरमधली नमाज

मस्कतहून सूरचं अंतरच दोनशे किलोमीटर आहे, म्हणजे दोन्ही मसलकांत ही सफर कस्रच्या अंतरात बसते. जोहर, असर आणि इशाची चार रकात फर्ज दोन होतात. फजर आणि मगरिब तशाच राहतात. शाफईंना जोहर-असर आणि मगरिब-इशा एकत्र पढायचीही सवलत आहे, हनफींना नाही. घरात सून एका मसलकाची आणि सासर दुसऱ्या, असं आपल्याकडे होतंच. तेव्हा गाडी किती वेळा थांबवायची हे निघतानाच ठरवा, वाटेत वाद नको. बारीक मसले आपल्या मौलानांना विचारूनच निघा.

किब्ल्याची गंमत अशी, की या किनाऱ्यावरूनही किब्ला साधारण पश्चिमेलाच आहे, आपल्या कोकणासारखाच. पण कोकणात नमाजला उभं राहिलं की समुद्र समोर येतो, इथं तो पाठीशी असतो. गावाहून आलेली म्हातारी माणसं सवयीनं समुद्राकडे तोंड करून उभी राहतात. त्यांना आधीच सांगा.

वाळूत गाडी

एकट्या गाडीनं कधीच जाऊ नका. दोन तरी हव्यात, आणि दोन्ही फोर बाय फोर. तीन माणसं सफरला निघाली तरी एकाला अमीर करा, अशी आपल्याला तालीम आहे. इथं ती फार कामाची आहे. कुठं थांबायचं, कुठून परत फिरायचं, हे एकानंच ठरवावं. बाकीच्यांनी ऐकावं.

वाळूत शिरण्याआधी टायरची हवा कमी करायची. रस्त्यावर ३५ पीएसआय असेल तर वाळूत १५ ते १८. हवा कमी झाली की टायर पसरतो, वजन जास्त जागेवर वाटलं जातं आणि गाडी रुतत नाही. पण मऊ टायरवर जोरात वळण घेतलं तर टायर रिममधून निघू शकतो. म्हणून वेग कमी आणि वळण मोठं. डांबरी रस्त्यावर परत येताना हवा पुन्हा भरायची. त्यासाठी कॉम्प्रेसर सोबत हवाच.

टेकडीवर सरळ चढा, सरळ उतरा. उतारावर गाडी आडवी केली की उलटते. चढ जमला नाही तर मध्येच वळवू नका, सरळ रिव्हर्समध्ये खाली या. रुतली तर ॲक्सिलरेटर दाबत बसू नका. चाक आणखी खोल जातं. सगळ्यांना उतरवा, चाकांपुढची वाळू फावड्यानं काढा, पट्ट्या घाला आणि आल्या चाकोरीनं मागं घ्या. दोरी लावायची ती गाडीच्या टोइंग हुकलाच. ट्रेलर जोडायच्या गोळ्याला लावली तर ताणानं तो तुटून गोळीसारखा उडतो. ओढताना मुलं लांब उभी राहतील, हे बघा. भाड्याची गाडी असेल तर वाळूतल्या नुकसानीला विमा लागू आहे का, तेही विचारून घ्या.

सबखा: सगळ्यात मोठा धोका

उंच वाळूची भीती सगळ्यांना वाटते. पण या किनाऱ्यावर गाड्या जास्त फसवतो तो सबखा. ही समुद्राजवळची मिठाची सपाट जमीन. वरून कडक, तपकिरी, अगदी मैदानासारखी. खाली ओला चिखल. वरची खपली फुटली की गाडी बुडापर्यंत बसते, आणि तिथून काढायला तास जातात. खलूफ आणि बर अल हिकमानच्या बाजूला अशी जमीन खूप आहे. त्यावर भरतीचं पाणीही येतं. शॉर्टकट दिसला तरी घेऊ नका. ताज्या टायरच्या खुणा आहेत तिथूनच जा. पाऊस पडून गेला असेल तर तिकडे वळूच नका, स्थानिक कोळ्याला विचारा.

दुसरा धोका वादीचा, म्हणजे कोरड्या नदीपात्राचा. डोंगरात पाऊस पडतो आणि तुमच्या डोक्यावर ऊन असताना खाली लोंढा येतो. एप्रिल २०२४ मध्ये याच शरकिया भागात समद अल शान इथं पुरात शाळकरी मुलांची गाडी वाहून गेली, कितीतरी मुलं दगावली. वादीत तंबू नाही, आणि पाणी वाहत असेल तर गाडी घालायची नाही, कितीही उथळ दिसलं तरी.

मुक्काम

तंबू भरतीच्या रेषेच्या वर आणि चाकोरीपासून लांब ठोका. रात्री रस्त्यावर डेरा टाकू नये, तिथून जनावरं आणि किडे-विंचू जातात, ही ताकीद हदीसमध्ये आहे. आज त्यात गाड्यांचीही भर पडलीय. कोळ्यांची वाहनं पहाटेच्या अंधारात त्याच चाकोरीनं येतात. बूट घालण्याआधी झटका. रात्री दव इतकं पडतं की बिछाना ओला होतो, तेव्हा म्हाताऱ्यांना वर छत असलेला तंबू द्या. बायकांसाठी वजू आणि शौचाचा वेगळा छोटा तंबू हवाच. तो नसला की त्या पाणी कमी पितात, आणि मग आजारी पडतात. बीपी-शुगरची औषधं दोन्ही गाड्यांत वेगवेगळी ठेवा.

जळणासाठी कोळसा घरून न्या. वाळवंटातलं गाफचं झाड म्हणजे आपली शमी. त्याच्याच सावलीवर आणि पाल्यावर तिथल्या बदूंचे उंट-बकऱ्या जगतात. त्याची फांदी तोडू नका.

रास अल जिन्झला १९९६ पासून कासवांचं राखीव क्षेत्र आहे. तिथं किनाऱ्यावर तंबू लावता येत नाही. रात्री वाटाड्यासोबत, आधी बुकिंग करून जायचं. हिरवी कासवं अंडी घालायला तिथं येतात. पिल्लं उजेडाकडे धावतात. खरं तर त्यांना समुद्राकडे जायचं असतं, पण मोबाइलचा टॉर्च दिसला की ती उलट फिरतात. मुलांना हे आधी समजावलं तर ती मोठ्यांनाही टॉर्च बंद करायला लावतात.

निघताना कचरा पिशवीत भरून सोबत न्या. वाटेतली तकलीफ देणारी चीज बाजूला करणं हा सदका आहे, तर आपणच काचा आणि प्लास्टिक टाकून येणं काय म्हणावं? शेवटी एकदा माणसं मोजा, पाण्याचे कॅन मोजा, टायरची हवा बघा, सफरची दुआ पढा. आणि ज्या नातेवाइकाकडे मार्ग लिहून दिलाय, त्याला रेंज मिळताच फोन करा. गावाकडे अम्मी-अब्बांची वाट बघणारे असतात, त्यांनाही कळू द्या की सगळे खैरियतनं आहेत.